मुकादम, मिस्त्री आणि व्यवस्थापक : किर्लोस्करवाडीतील उपक्रमशीलता व नेतृत्व (१९१०–१९४६)

१

उद्योगसंस्थांचा इतिहास आपल्याकडे बहुधा दोन मार्गांनी लिहिला गेला आहे. पहिला मार्ग भांडवलाचा. त्यात भागधारक, नफा, जकात आणि सरकारी धोरण यांचा विचार होतो. दुसरा मार्ग चरित्राचा. त्यात संस्थापकाची जिद्द आणि दूरदृष्टी यांचे वर्णन येते. दोन्ही मार्ग आवश्यक आहेत. परंतु कारखान्याच्या आवारात एखादी नवी गोष्ट करून पाहण्याचा अधिकार कोणाला होता, तो त्याला कोणी दिला आणि त्याची हद्द कोठे संपत होती, हा प्रश्न या दोन्हींमध्ये राहून जातो. उपक्रमशीलता आणि नेतृत्व हे गुण संस्थापकाच्या अंगी असले म्हणजे ते संस्थेतही आपोआप उतरतात, असे गृहीत धरण्यात येते. इतिहासाचा अनुभव मात्र तसा नाही. स्वतः साहसी असलेल्या पुष्कळ मालकांनी आपल्या हाताखालच्या माणसांना साहस करू दिलेले नाही.

प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार किर्लोस्करवाडीच्या उदाहरणावरून करावयाचा आहे. त्यासाठी कारखान्यातील अधिकारवाचक शब्दांपासून आरंभ करणे सोयीचे होईल. कारण कारखान्यात कोण कोणावर आणि कशाच्या बळावर अधिकार चालवतो, याची साक्ष हे शब्द देतात.

मराठी कामगाराच्या बोलीत त्याच्यावरील माणसासाठी तीन शब्द विशेष रूढ झाले : मुकादम, मिस्त्री आणि फोरमन. ‘मुकादम’ हा अरबीतून फारसीच्या द्वारे आलेला शब्द. त्याचा मूळ अर्थ ‘पुढे ठेवलेला’ असा आहे. ‘फोरमन’ या इंग्रजी शब्दाचा अर्थही ‘पुढचा माणूस’ असाच होतो. आपला ‘पुढारी’ याच जातीचा. तिन्ही शब्द माणसाची जागा सांगतात. त्याला काय येते हे सांगत नाहीत. ‘मिस्त्री’ किंवा कोकण-गोमंतकातील ‘मेस्त्री’ या शब्दाचे कूळ निराळे आहे. पोर्तुगीज ‘मेस्त्र’ आणि त्यामागील लॅटिन ‘मॅजिस्टर’ यांपासून तो आला आहे आणि त्याचा अर्थ गुरू, जाणकार असा आहे. मिस्त्रीचा अधिकार त्याच्या जागेवरून ठरत नाही, हातातील विद्येवरून ठरतो. एक अधिकार वरून दिलेला, दुसरा कामातून मिळवलेला. कारखान्यात नवे काही घडावयाचे असेल तर या दोहोंपैकी कोणता अधिकार वरचढ असावा लागतो, हा या निबंधाचा मुख्य मुद्दा आहे.

२

मुंबईच्या कापडगिरण्यांमध्ये पहिल्या प्रकारच्या अधिकाराची वाढ झाली. तेथील ‘जॉबर’ हा नामांतर झालेला मुकादमच होता. कामगार आणणे, त्यांच्यावर देखरेख करणे, नव्या माणसाला काम शिकवणे, यंत्रे चालू ठेवण्यास साहाय्य करणे, ही सारी कामे त्याच्याकडे असत. स्त्रीकामगारांवर ‘नायकीण’ असे. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या कामगारविषयक रॉयल कमिशनच्या अहवालात या पद्धतीची विस्तृत चर्चा आहे. नोकरी मिळवून देण्याबद्दल आणि ती टिकू देण्याबद्दल जॉबर कामगाराकडून दस्तुरी घेत असे, ही गोष्ट त्या चर्चेत ठळकपणे पुढे आली. जॉबरला यंत्राचे ज्ञान नव्हते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अनेकांना ते उत्तम होते. परंतु त्याची सत्ता त्या ज्ञानावर उभी नव्हती. माणसे आणण्याच्या आणि काढण्याच्या सामर्थ्यावर ती उभी होती. अशा व्यवस्थेत सामान्य कामगाराने साच्यात एखादी सुधारणा सुचवली, तर त्याच्या पदरी लाभ पडण्यापेक्षा वरच्याचा रोष पडण्याचाच संभव अधिक.

नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये याहून वेगळे चित्र दिसते. जमशेटजी टाटा यांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेल्या या गिरणीचे व्यवस्थापन बेझनजी दादाभाई मेहता यांच्याकडे होते. ते रेल्वेच्या नोकरीतून आलेले. कापडधंद्याचा पूर्वानुभव त्यांना नव्हता. तरीही जमशेटजींनी त्यांच्यावर विश्वास टाकला. १८८० नंतरच्या दशकात ‘रिंग’ पद्धतीच्या चात्यांचा प्रयोग येथे झाला, त्या वेळी लँकेशायरचे अनुभवी कारखानदारही त्या पद्धतीविषयी साशंक होते. आधी थोड्या प्रमाणावर परीक्षा घ्यावयाची आणि अनुभव पटला म्हणजे विस्तार करावयाचा, ही नागपूरची रीत होती. येथे उपक्रमाला वाव मिळाला खरा, पण तो मालक, व्यवस्थापक आणि तज्ज्ञ यांच्या वर्तुळात. साच्यावरचा माणूस या वर्तुळाच्या बाहेरच राहिला.

या दोन नमुन्यांच्या पार्श्वभूमीवर किर्लोस्करवाडीचे वेगळेपण नीट लक्षात येते.

३

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (१८६९–१९५६) हे चित्रकलेच्या शिक्षणासाठी मुंबईस जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. काही रंगांतील भेद आपल्याला ओळखता येत नाही, हे ध्यानात आल्यावर त्यांनी रंगकाम सोडले आणि यांत्रिक रेखाकलेकडे ते वळले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी तोच विषय शिकवला. बढतीची पाळी आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली, आणि लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला. बेळगावास थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह त्यांनी सायकलींचे दुकान चालवले. त्यातून दुरुस्तीचे काम, मग कडबा कापण्याचे यंत्र आणि अखेरीस लोखंडी नांगर अशी वाटचाल झाली.

बढतीच्या त्या प्रसंगाला चरित्रकारांनी स्वाभिमानाची कथा म्हणून महत्त्व दिले आहे. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळे आहे. काम येते त्याला जागा नाही आणि जागा मिळते ती कामावरून नाही, या विसंगतीचा अनुभव घेऊन हा माणूस कारखानदारीत आला. त्याने पुढे माणसे कशी निवडली, याचा उलगडा या अनुभवाच्या आधारे बऱ्याच अंशी होतो.

बेळगावची जागा नगरपालिकेच्या विस्तारयोजनेमुळे सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणरावांना कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. १९१० च्या मार्चमध्ये सुमारे पंचवीस कामगार आपापली कुटुंबे घेऊन त्या निवडुंगाने भरलेल्या माळावर आले. हीच किर्लोस्करवाडी. आज ती सांगली जिल्ह्यात आहे आणि जुन्या कुंडल रोड स्थानकालाही तिचेच नाव आहे.

या पहिल्या मंडळीतील प्रमुखांची माहिती एकत्र पाहिली म्हणजे एक गोष्ट लक्ष वेधून घेते. शंभोराव जांभेकर यांनी शिक्षण अर्धवट सोडलेले. त्यांच्याकडे यंत्रांची जबाबदारी आली. अनंतराव फळणीकर यांचेही शिक्षण पुरे झालेले नव्हते; कल्पक अभियंता म्हणून त्यांचा लौकिक झाला. के. के. कुलकर्णी परीक्षांत अपयशी ठरलेले. ते व्यवस्थापक आणि सर्वांचे सल्लागार बनले. मंगेशराव रेगे कारकुनी व हिशेब पाहत. आखणी व कारभार रामूअण्णांकडे होता. पदवी आणि प्रमाणपत्र यांना या यादीत स्थान नाही.

अर्थात यात गरजेचाही भाग होता. माळरानावरच्या नव्या कारखान्यात येण्यास पदवीधर अभियंता सहसा तयार झाला नसता आणि त्याचा पगार कारखान्याला झेपलाही नसता. परंतु गरज सर्वांनाच असते. तिच्यातून सर्वत्र अशी निवड होत नाही. येथे गरजेला एका दृष्टीची जोड मिळाली : माणसाच्या हाती काम द्यावे, त्यातून त्याचा कल ओळखावा आणि ज्याला जे साधते त्याचा अधिकार त्याच्याकडे सोपवावा. आपल्या परिभाषेत सांगायचे तर वाडीत मुकादमाच्या आधी मिस्त्री आला.

४

या व्यवस्थेची खरी कसोटी नांगराने घेतली. लोखंडाने जमीन नासते, तिच्यात विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली, असे कंपनीच्या इतिहासात नमूद आहे. बाजारात इंग्लंडमधील रॅन्सम्ससारख्या कारखान्यांचे नांगर होते. देशी नांगराला त्यांच्याशी बरोबरी करावयाची होती आणि लाकडी नांगराशी झगडावयाचे होते.

नांगराची अडचण दिसते तेवढी साधी नाही. बिडाचा फाळ ओतताना त्याचे टोक कठीण व्हावे लागते, अन्यथा ते काळ्या जमिनीत लवकर झिजते. पण सगळाच फाळ तसा कठीण झाला तर दगडाला लागून तो तडकतो. साच्यात टोकाच्या जागी धातूचा तुकडा बसवून तेवढा भाग झटकन निववला म्हणजे टोक कठीण आणि मागचा भाग त्या मानाने चिवट राहतो. हे तत्त्व पुस्तकात सापडते. पण भट्टीची धग, बिडाचा कस, साच्याच्या वाळूतील ओल आणि ओतण्याचा क्षण यांचा मेळ पुस्तकातून साधत नाही. तो ओतारीच साधतो, आणि पुष्कळ फाळ बिघडवल्यावरच साधतो. म्हणूनच बिघडलेल्या फाळाचा हिशेब कोणाच्या नावे मांडावयाचा, हा येथे कळीचा प्रश्न ठरतो. तो कामगाराच्या पगारातून कापला तर दुसऱ्या दिवसापासून प्रयोग बंद होतो. तो शिकण्याचा खर्च मानला तर प्रयोग चालू राहतो. नांगराच्या विक्रीची दोन वर्षे वाट पाहणाऱ्या संस्थेने हा खर्च सोसण्याची तयारी दाखवली होती, असे अनुमान काढता येते.

लाकडी नांगराचा सबंध शब्दसंसार – हाळीस, रुमणे, फाळ, जू – शेतकऱ्याचा होता. लोखंडी नांगराने वस्तू बदलली, तरी ‘नांगर’ आणि ‘फाळ’ हे शब्द कायम राहिले. ओतशाळेत ‘बीड’, ‘साचा’, ‘भट्टी’ हे शब्द चालत आणि त्यांच्या शेजारी ‘लेथ’, ‘बोल्ट’, ‘पॅटर्न’ हे आगंतुक निमूटपणे येऊन बसले. शुद्धतेच्या दृष्टीने या मिश्रणाला कोणी नाव ठेवील. पण शेतकरी आपली तक्रार ज्या शब्दांत मांडत होता, जवळजवळ त्याच शब्दांत ओतारी ती ऐकू शकत होता. जेथे यंत्राची भाषा केवळ इंग्रजी असते, तेथे तक्रार वर जाते आणि हुकूम खाली येतो. मध्ये दुभाषा लागतो आणि दुभाष्याच्या हाती सत्ता जाते. वाडीत ही मधली पायरी बरीच ठेंगणी होती. शेतीच्या बाजूने पाहता हरळी-कुंद्यासारख्या खोल मुळांच्या तणाचा लोखंडी नांगराने होणारा नाश हा त्याच्या प्रसाराचा एक मोठा आधार ठरला.

५

संस्थेच्या अंतर्गत उपक्रमशीलतेचे सर्वांत स्पष्ट उदाहरण नांगराशी संबंधित नाही, ही गोष्ट चमत्कारिक वाटेल. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली आणि त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र निघाले. ते चालवणारे शंकर वासुदेव किर्लोस्कर (१८९१–१९७५) हे लक्ष्मणरावांचे पुतणे. त्यांनी लाहोरास श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्याजवळ चित्रकलेचे धडे घेतले होते. नांगराच्या कारखान्यात चित्रकाराचे काम काय, असा प्रश्न कोणीही व्यवहारी हिशेबनीस विचारील. जाहिरात हे त्याचे पहिले उत्तर होते. परंतु मालाची वार्ता देणाऱ्या गृहपत्राचे दहाएक वर्षांत महाराष्ट्रातील एक प्रमुख मासिक झाले. ‘किर्लोस्कर’ या नावाने ते घरोघर गेले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे त्याला लाभली. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ‘किर्लोस्कर’मधूनच वाचकांपुढे आले.

पंप, चरक आणि नांगर करणाऱ्या कंपनीच्या पोटात एक स्वतंत्र प्रकाशनव्यवसाय वाढला. त्याला प्रारंभी यंत्रशाळेचा आधार मिळाला; नंतर त्याने आपले ध्येय, आपला वाचक आणि आपली भाषा स्वतः घडवली. जोसेफ शुंपीटर यांनी १९११ च्या आपल्या ग्रंथात शोध लावणारा आणि नवी सांगड घालून व्यवहारात आणणारा असा भेद केला आहे. शंकरराव या दुसऱ्या वर्गातील होते, आणि संस्थेत राहून त्यांनी ही सांगड घातली. १९७८ साली गिफर्ड पिंचो यांनी अशा व्यक्तीसाठी इंग्रजीत एक नवा शब्द बनवला. ‘संस्थांतर्गत उद्योजक’ असा त्याचा आशय सांगता येईल. शब्द नवा असला तरी त्या शब्दाने दर्शवलेली वस्तू कृष्णाकाठच्या या माळावर त्यापूर्वी अर्धशतक अस्तित्वात होती.

६

१९२६ साली लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव (१९०३–१९९४) अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेऊन परतले. येथून वाडीच्या इतिहासाचा दुसरा खंड सुरू होतो. नजर, हात आणि अनुभव यांवर चाललेल्या कामाच्या शेजारी आता आराखडा, मोजमाप आणि गणित उभे राहिले. मिस्त्रीचे ज्ञान त्याच्या अंगी असते. तो गेला की ते जाते. आराखड्यातील ज्ञान संस्थेचे होते आणि दुसऱ्या गावी नेता येते. पंप किंवा लेथ यांसारखी यंत्रे बनवताना, आणि विशेषतः त्यांचे सुटे भाग दूरच्या गिऱ्हाइकाला पुरवताना, या दुसऱ्या प्रकारच्या ज्ञानावाचून निभावत नाही. १९३० नंतरच्या मंदीत शेतमालाचे भाव कोसळले आणि नांगराची मागणी घटली. तेव्हा वाडीने लोखंडी फर्निचर, पंप व यंत्रहत्यारे यांकडे अधिक लक्ष वळवले. अशा वेळी जुने कौशल्य नव्या आराखड्याच्या मदतीला आले आणि संस्था तगली.

त्यानंतरचा विस्तार परिचित आहे : १९४१ मध्ये हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर, १९४६ मध्ये बंगळूर येथे विजेच्या मोटरींचा आणि पुण्यात तेलइंजिनांचा कारखाना. एका मोठ्या कारखान्याचे पोट वाढवत नेण्याऐवजी निरनिराळ्या गावी स्वतंत्र कंपन्या काढल्यामुळे प्रत्येक ठिकाणी स्वतः निर्णय घेणारा माणूस लागला आणि तो तयारही झाला. नेतृत्व निर्माण करण्याचा हा मार्ग व्याख्यानांनी किंवा बक्षिसांनी साधणारा नव्हता. जबाबदारी दिल्यानेच तो साधला.

७

येथपर्यंतचे विवेचन अनुकूल बाजूचे झाले. पण या व्यवस्थेच्या मर्यादांकडे डोळेझाक केली तर हा निबंधही चरित्रकारांच्या परंपरेतच जमा होईल.

पहिली मर्यादा कुटुंबाची. बंगळूर आणि पुणे येथील नव्या कंपन्यांची धुरा लक्ष्मणरावांच्या पुत्रांकडे गेली. ‘खबर’चा प्रयोग करण्यास मिळालेले स्वातंत्र्य पुतण्याला मिळाले. जांभेकर-फळणीकरांसारख्या कुटुंबाबाहेरच्या माणसांना कामाचा अधिकार लाभला, हे खरे. परंतु स्वतंत्र कंपनी उभारून तिचे धुरीणत्व करण्यापर्यंतचा रस्ता त्यांच्यासाठी तितका रुंद नव्हता. मिस्त्री मोठा झाला, तरी व्यवस्थापकाची खुर्ची बहुधा घरातच राहिली.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. वाडीत अस्पृश्यता पाळू नये, असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. दरोड्याची शिक्षा भोगून आलेल्या तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग या दोघांना त्यांनी वाडीच्या पहाऱ्यावर नेमले आणि ते दोघे त्या विश्वासाला जागले. ही हकीकत नेहमी अभिमानाने सांगितली जाते आणि त्या काळाचा विचार करता ती अभिमानास पात्रही आहे. तथापि गावगाड्यात राखणदारी हे रामोशांचे परंपरागत कामच होते. म्हणजे विश्वास नवा होता, पण काम जुनेच होते. लेथवर किंवा ओतशाळेत मिस्त्रीपदापर्यंत पोहोचण्याची वाट जातीच्या उतरंडीत खाली असलेल्यांसाठी किती मोकळी होती, हा वाडीच्या इतिहासाला विचारावयाचा पुढचा प्रश्न आहे.

तिसरी मर्यादा वसाहतीच्या कुंपणाची. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली आणि दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणविरोधी दंगली उसळल्या. त्यांत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लावण्यात आली. त्या हिंसेचे समर्थन कोणत्याही अंगाने होऊ शकत नाही. परंतु अडतीस वर्षे शेतकऱ्याचे अवजार घडवणारी संस्था भोवतालच्या मुलखातील काही जणांना परकी वाटावी, याचा अर्थ इतिहासकाराने लावला पाहिजे. वाडीच्या आत परस्पर विश्वासाचे जे नाते निर्माण झाले होते, त्याचा विस्तार कुंपणापलीकडे पुरेसा झाला नव्हता, एवढे तरी त्यावरून म्हणता येते.

या मर्यादा नीट तपासण्यात साधनांची अडचण आहे. ‘यांत्रिकाची यात्रा’ हे लक्ष्मणरावांचे चरित्र शंकररावांनी लिहिले. शंकररावांचे ‘शंवाकीय’ आणि शंतनुरावांचे ‘कॅक्टस अँड रोझेस’ ही आत्मकथने. तिन्ही मोलाची आहेत आणि तिन्ही घरातली आहेत. त्यांत मिस्त्री दिसतो, पण तो बोलत नाही. हजेरीपट, पगारपत्रके, गृहपत्रातील कामगारविषयक मजकूर आणि जुन्या कामगारांच्या वंशजांकडील मौखिक परंपरा यांच्या आधारे दुसऱ्या बाजूची मांडणी होणे अवश्य आहे. विभागातील संशोधक विद्यार्थ्यांपैकी कोणी हे काम हाती घेतले, तर त्याला कारखान्याच्या बोलीची शब्दसूचीही बरोबरच तयार करता येईल. इतिहास आणि भाषाशास्त्र यांची सीमा येथे फारशी कडक राहत नाही.

उपलब्ध पुराव्यावरून निष्कर्ष एवढाच काढता येतो. एखाद्या संस्थेत नवे काही निघावे यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागल्या : कामाच्या जाणकाराला जागेवरच्या माणसाहून मान, बिघडलेल्या प्रयोगाचा खर्च सोसण्याची मालकाची तयारी, आणि वरचा व खालचा यांना समान कळेल अशी कामाची भाषा. १९१० ते १९४६ या काळात किर्लोस्करवाडीत या तिन्ही गोष्टी बऱ्याच प्रमाणात एकत्र आल्या, आणि म्हणून त्या माळावरून मासिकांपासून इंजिनांपर्यंत इतक्या वेगवेगळ्या वस्तू निघाल्या. त्या जेथे कुटुंबाच्या, जातीच्या किंवा कुंपणाच्या रेषेपाशी थांबल्या, तेथे उपक्रमशीलतेची वाढही त्याच रेषेपाशी थांबली. आज संस्थांमधून नेतृत्व आणि नवनिर्मिती यांची चर्चा विपुल होते. ती करताना आपल्या संस्थेत मिस्त्रीला काय विचारले जाते आणि कोणत्या भाषेत विचारले जाते, हे तपासून पाहणे हा या इतिहासाचा साधा पण आवश्यक बोध होय.